ढिली वायर

मे महिन्यात नागपुरात
माझ्याइतका लाडका माणूस दुसरा नसतो.
अमोसभाऊ, पंप बंद.
अमोसभाऊ, पंखा गरगर फिरून राहिला, हवा कुठाय?
जरीपटका, खलाशी लाईन, मेकोसाबाग,
डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा,
स्कूटरवर वाळ्याच्या ताट्या.
तुझ्या वाट्याला रविवार.
तोही साडेआठची उपासना, शेवटचा बाक,
फोन सायलेंटवर, पण हात खिशावर.

दोर्कसबाई शिणगारेंनी
एप्रिलपासून सातव्यांदा बोलावलं.
पहिल्यांदा पंपाची वायर निघालेली.
दुसऱ्यांदा तीच. तिसऱ्यांदाही.
मागच्या खेपेला मी टेप गुंडाळली, वरून क्लिप मारली,
म्हटलं, बाई, आता भूकंप आला तरी निघत नाही.
मंगळवारी पुन्हा फोन.
"पंप चालत नाही रे."

जाळी काढली.
टेप नीट सोललेली, बँडेज सोडवावं तशी,
आणि तिची गुंडाळी करून कूलरच्याच डोक्यावर ठेवलेली.
चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या
हातांचं काम, लपतंय कुठे?

मागे वळून पाहिलं.
टेबलावर पन्ह्याचे ग्लास. दोन.
एकावर बशी झाकलेली, माशी बसू नये म्हणून.
बाई खिडकीबाहेर बघत होत्या,
खिडकीबाहेर भिंत आहे.

मी काही बोललो नाही.
पंधरा मिनिटं नसलेलं काम केलं,
मग बसलो.
बाईही फार काही बोलल्या नाहीत.
ऊन लय आहे, म्हणाल्या.
पोरीचा दात पडला का, म्हणाल्या.
पैसे काढायला लागल्या तेव्हा म्हटलं,
राहू द्या, वायरच तर होती.

गड्डीगोदामच्या सिग्नलवर
लाल आकडे उलटे उतरत होते
आणि मला तुझा संशय आला.

पोरीचा टायफॉइड मी तुझ्या नावावर लिहीत नाही.
तसला तू नाहीस.
पण रात्री तीनला विनाकारण उघडणारा डोळा?
सगळं ठीक चालू असताना
छातीतली ती कोरडी घरघर,
पाणी नसलेल्या टाकीत पंप फिरावा तशी?
मी काढून काढून टेप लावतो,
सकाळी सुटलेली असते.

त्या पहिल्या बागेतसुद्धा
तू हाका मारत हिंडलास.
कुठल्या झाडामागे कोण लपलंय,
तुला काय ठाऊक नव्हतं?

मला वाटायचं, गरज माझी.
बिघडलं की तक्रार घेऊन तुझ्या दारात जायचं,
दुरुस्त झालं की आमेन.
तू ग्लास झाकून बसतोस
हे मला कोणी सांगितलंच नाही.
सांगितलं असेल. पाळक दर रविवारी सांगत असतील.
मी वरच्या पंख्याचं बेअरिंग ऐकत असेन.

आमचा नळ पावणेपाचला येतो.
टाकी भरायला वीस मिनिटं.
बुधवारी मी बादली पालथी घालून
तिच्यावर बसलो. गुडघे टेकले नाहीत,
गुडघे खराब आहेत, तुला माहीत आहे.
डोळे मिटले तर झोप लागेल म्हणून उघडेच ठेवले.
काय बोलावं सुचेना.
म्हटलं, ऊन लय आहे.
म्हटलं, पोरीचा पुढचा दात पडला,
आता ती शाळेत हसत नाही.
मग गप्प. पाइपात हवा गुडगुडत होती,
शेजारचा कोंबडा उगाच घाईत होता.
तू काही बोललास असं मी सांगणार नाही.
पण उठावंसंही वाटेना,
टाकी भरून अंगणात पाणी गेलं
आणि बायको आतून ओरडली.

गुरुवारी पुन्हा बसलो.
शुक्रवारी झोपून राहिलो.
आज शनिवार, नऊ फोन येऊन पडलेत.
उद्याचं तर रविवार म्हणून निभेल,
सोमवारचं मी कबूल करत नाही.
सीझन आहे, माझी सवय तुला माहीत आहे.

तू आपला
टेप सोलून ठेव.