काजूचा काटा

सांग्याच्या पुढे कदंबाची बस जिथे तोंड फिरवते
तिथून वीस मिनिटांचा चढ.
कुमयामळ. आमच्या यादीत ‘कुमारमळ’ छापलंय,
गेली सहा वर्षं तसंच.
निधी मात्र बरोबर पोचतो, म्हणजे उशिरा.

एप्रिल. पायवाटेवर पिकल्या बोंडांचा आंबूस वास.
सत्यवती वेळीप दारातच उभी,
पदराला हात पुसत, माझ्या बॅगेकडे बघत.
बॅगेत काय असतं ते तिला ठाऊक:
लाल पेन, शिक्का, आणि बस चुकू नये ही घाई.

पटावर बावीस. चटईवर नऊ.
‘उरलेले?’
‘आयांबरोबर डोंगरात, बिया वेचायला.
अकराला इनासीन डबा घेऊन जाते वर.’
नियमात डब्यानं चढायचा डोंगर नाही.
मी लिहिलं: प्रत्यक्ष उपस्थिती नऊ.
गॅसचं तीन महिन्यांचं बिल
तिनं स्वतःच्या मानधनातून भरलेलं, तेही लिहिलं;
त्याला रकाना नव्हता,
समासात लिहिलं, अक्षर बारीक करून.

मग वजनकाटा.
खरेदी: तीन नग. पावती आहे, पोच आहे, पोचेवर सहीही.
जागेवर नग एक. तोही पारड्याविना,
बाराखडीच्या तक्त्यामागे खिळ्याला टांगलेला.
‘मग दर महिन्याची वजनं?’
तिनं हनुवटीनं रस्त्यापलीकडे दाखवलं:
शाणू नायकांचं दुकान.
काजूबिया रोखीनं घेतल्या जातील.

पाच वर्षांचा मिंगेल मला करून दाखवायला धावला.
पोती बाजूला सरली. पाट्यावर चढून
त्यानं श्वास कोंडून धरला,
श्वास धरला की वजन भरतं, असं त्याचं मत.
चौदा किलो. वहीतही चौदा. पिवळी पट्टी.

विश्वास ठेवणं हे माझं काम नाही.
अंगणवाडीच्या कपाटातली सीलबंद डाळ आणवली,
किलोची दोन पाकिटं,
ठेवली पाट्यावर.
काटा पावणेदोनवर थांबला.
नायक आभाळाकडे बघू लागले.
आभाळात काहीच नव्हतं.

सत्यवती हळूच म्हणाली,
‘बाय, काजूंक फटयता तो काटो,
भुरग्यांक कित्याक सोडटलो?’

म्हणजे मिंगेल हिरव्या पट्टीतला.
पाव किलोच्या लबाडीनं पिवळ्यात आला,
पिवळ्यात आला म्हणून रोज एक अंडं जास्त.
त्याच्या आईच्या पोत्यातून दर खेपेला
पाव किलो बिया नायकांच्या गोदामात जातात
आणि पणजीच्या तिजोरीला वळसा घालून,
अंडं होऊन,
तिच्याच पोराच्या ताटलीत उतरतात.
हे जमेला धरू की खर्ची टाकू?
बावीस वर्षांच्या नोकरीत
असं खातं कुणी उघडून दाखवलं नव्हतं.

बसला अर्धा तास होता.
लहानग्यांच्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन, मसुदा केला.
सगळं खरं लिहिलं; पगार त्याचाच घेते.
हरवलेले दोन काटे, पोचेवरची सही कुणाची,
शाणू नायकांच्या काट्यासाठी वजनमाप खात्याला वेगळं पत्र.
फक्त शिफारशी लावताना क्रम असा लावला:
एक, नवा काटा तपासून पुरवावा.
दोन, त्यानंतर मुलांची फेरवजनं घ्यावीत.
निविदा, मंजुरी, वाहतूक,
चवथ उजाडेल सहज.
तोवर अंडं चालू.
हे मी कचेरीत कुणाला सांगितलेलं नाही.

निघाले तर मागून हाक.
सत्यवतीच्या हातात शाळकरी वही, रेघा तिनंच मारलेल्या.
‘डाळ, दोन पाकिटं. काढली, परत ठेवली.
सील दोघींनी बघितलं.
हांगा सही करात.’
मी केली.
तारीख राहिली होती,
तीही तिनं घालून घेतली.