व इतर

नॅकची समिती यायला पंधरा दिवस होते
आणि प्राचार्यांना आकडे हवे होते:
कुणाचा पेपर, कुठं छापला, कितींनी उल्लेख केला.
पंखा किरकिरत होता, आणि मी
सांगलीतल्या एका कॉलेजची वीस वर्षं
एक्सेलच्या रकान्यांत भरत होते.

सगळ्यांत वर आला आरवाडे सरांचा पेपर.
काचेवर कथिल ऑक्साइडचा पातळ थर,
अमोनियाचा वास ओळखणारा,
तोही भट्टीशिवाय, खोलीच्या तापमानाला.
दोनशे बारा उल्लेख.
त्यांतले एकतीस सरांनी स्वतःचेच केलेले.
ते मी वजा केले; सर आता नाहीत, रागावणार कोण.
उरलेले कोरियातून, इराणमधून, तिरुचिरापल्लीहून,
आणि सगळीकडे एकच:
आरवाडे व इतर.

इतर तीन होते.
दोघांचे फोटो विभागाच्या भिंतीवर आहेत.
चौथं नाव, डी. एन. शिकलगार.
संगणकाला विचारलं तर त्यानं काढून दिला
नागपूरचा दातांचा डॉक्टर:
दाढेत भरायच्या सिमेंटवर एकोणीस पेपर
आणि विसावा आमचा.

"अवो, आपला दस्तगीर," ऑफिसातले गुरवमामा म्हणाले.
"लॅबला होता. वजनकाटे दुरुस्त करतोय आता,
मार्केट यार्डामागं."

शटरच्या खाचा हळदीच्या धुळीनं पिवळ्या.
मी प्रिंट पुढं केली.
नाव त्यांनी पाहिलंच नाही.
तिसऱ्या पानावरच्या आलेखावर बोट ठेवलं,
जिथं रेघ एकदम वर चढते:
"ह्यो डोंगर माझा हाय."

लाईट गेल्ती. भट्टी गार.
सर खुर्चीतच डोळा लागलेले.
कँटीनचं पातेलं कलईचं राहिलेलं,
म्हणून व्हरांड्यात शेगडी पेटवली, नवसागर टाकला,
पांढरा धूर दारातनं आत.
"आन् मीटर बॅटरीवर. काटा नाचाय लागला, बाई.
म्या सरांना हलवून उठवलं.
सर म्हणाले, परत टाक.
पहाटंपतोर टाकतोय. तीन पातेली झाली."

पेपरात ह्याचं एकच वाक्य आहे:
प्रयोगादरम्यान योगायोगाने असे आढळून आले की.
कुणाला आढळलं, ते वाक्यात नाही.
लॉगबुकं महापुरात गेली.
पण सरांनी नाव घातलं. चौथं, पण घातलं.
हे मला लिहून ठेवायला हवं.

"ह्याचं पैसं येत्यात?"
नाही.
"मग येतंय काय?"
मी म्हटलं, लोक त्यांच्या कामात आपलं नाव घेतात.
"म्हंजे उरुसात भोंग्यावर देणगीदार पुकारत्यात तसं."
तसंच.
ते थांबले, चष्मा पुसला.
"पर तिथं 'व इतर' म्हणत न्हाईत.
अकरा रुपय दिलेल्याचं बी नाव घेत्यात."

एन. चूक होता. एम. पाहिजे. मौला.
कलई त्यांनीच शिकवलेली.
मी दुरुस्तीचा अर्ज तिथंच मोबाइलवर उघडला.
लेखकाची संस्था निवडा, असा रकाना होता,
खाली चारशे विद्यापीठं.
मी 'अन्य' निवडलं आणि ते सांगतील तसं लिहिलं:
शिकलगार वजनकाटे, हळद गोदामांच्या मागची गल्ली,
शुक्रवारी बंद.

तोवर त्यांनी पेपर तागडीत ठेवला होता.
"चव्वेचाळीस ग्रॅम. पिनसकट."

समिती आली, गेली. चहा चांगला होता, म्हणाली.
अर्जाचं उत्तर यायचंय.
तोपर्यंत नागपूरच्या त्या डॉक्टरांच्या नावावर
आमच्या कँटीनचं एक पातेलं आहे.