पाचशे दहा

गाब्रोवोचे लोक म्हणे रात्री घड्याळं बंद ठेवतात,
चाकं झिजू नयेत म्हणून.
मांजरांच्या शेपट्या छाटतात:
दार लवकर लागतं, ऊब बाहेर जात नाही.
विनोद त्यांचेच, त्यांनीच जगभर वाटलेले,
फुकट.

अशा गावात मला बोलावलं
स्तोइमेनकाच्या मोज्यांच्या कारखान्यात.
यांत्रा नदीकडच्या खिडकीखाली
पिवळा पडलेला कॉम्प्युटर, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.
फेब्रुवारीत त्याची डिस्क गेली
आणि सोळा विणयंत्रं जागच्या जागी थांबली,
एका मोज्याची टाच अर्धवट.

नवा घ्या, मी म्हटलं.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
की मी माझी शेपटी चाचपून घेतली.

तर मग कोंड्याचा मांडा.
हे यंत्र जागं होतं तेव्हा
फ्लॉपीवरचे पहिले पाचशे बारा बाइट तेवढे वाचतं.
त्यातले शेवटचे दोन खुणेचे.
ते नसले तर ओळखच देत नाही.
उरले पाचशे दहा.
एवढ्यात उठायचं, नक्षी शोधायची,
सुयांपर्यंत पोचवायची
आणि गप्प बसायचं.

माउस नाही. खिडक्या नाहीत.
फाइलींना नावं नाहीत, नुसते क्रमांक.
तारीख काढून टाकली, मोज्यांना वार लागत नाही.
शून्य लिहायला तीन बाइट पडतात,
पण एखादा आकडा त्याचा त्याच्याशीच ताडून पाहिला
तर हाती येतं तेही शून्यच,
दोन बाइटांत.
त्या रात्री हॉटेलात मला झोप आली नाही.

चौथ्या दिवशी सात बाइट शिल्लक.
पडद्यावर एक ठिपका उमटवणार होते,
सुरू झालं एवढं कळावं म्हणून.
गान्चो, एकतीस वर्षं याच सुयांना तेल देणारा,
म्हणाला, बघतो कोण? माझा चष्मा घरी असतो.
पूर्वी ते दोनदा बीप करायचं.
तेव्हा मी कॉफी खाली ठेवायचो.

एक बीप, पाच बाइट. पुन्हा तोच, आणखी दोन.
चालवून पाहिलं.
दोन्ही एकमेकांना चिकटले,
एकच लांबट सूर.
मधे श्वासभर थांबायलाही एक बाइट लागतो
आणि पाचशे दहा भरले होते.

गान्चोने मान तिरपी करून ऐकलं.
लांबलं, म्हणाला. वय झालं त्याचंही.
आणि कप खाली ठेवला.

टाच पुरी झाली.
स्तोइमेनकाने माझे पैसे मोजले.
थांबली.
पुन्हा मोजले.