चालू

आईला अजून वाटतं, मी बेस्टमध्ये माणसं लावतो.
"ड्रायव्हर मिळाला का रे?" फोनवर विचारते,
आणि मी चिंचपोकळीच्या एक्स-रे सेंटरात
टेबलाखाली ओणवा,
म्हणतो, "मिळालाय गं, पण या गाडीचा नाही."

झालं असं:
रात्री मशीनने आपणहून नवा कर्नल आणून ठेवला, २८.
मागोमाग त्याचा ड्रायव्हर, मापात शिवलेला.
जुन्याचा ड्रायव्हर आवराआवरीत गेला.
पण मशीन बंद कोणी केलंच नाही.
म्हणजे दारावर पाटी नव्याची
आणि गल्ल्यावर अजून जुनाच बसलेला, २५.

सकाळी चित्र एकदा अडखळलं,
आणि मी, शहाणा,
मेमरीतला ड्रायव्हर उतरवला. म्हटलं, परत चढवू.
चढेना.
असं मॉड्यूल नाही, म्हणाला पडदा,
इतक्या सरळपणे की क्षणभर मलाच वाटलं
कधी नव्हतंच.

बाकावर अकरा माणसं.
माझगावचे पास्कोल डिमेलो शर्टाची वरची तीन बटणं
आधीच काढून बसलेत,
खोकतात, थांबतात, समोरची 'श्वास रोखा' पाटी वाचतात,
पुन्हा खोकतात.

"रीस्टार्ट मार ना," डॉक्टर पिठावाला.
कसा मारू?
पहाटेपासूनच्या सत्तावीस छात्या
हॉस्पिटलकडे निघाल्यात, अर्ध्या वाटेत आहेत.

लॅमिंग्टन रोडच्या ज्या पोटमाळ्यावर मी हे शिकलो
तिथे अन्सारभाई सोल्डरचा धूर फुंकत म्हणायचे,
"काय बसवलंय ते नंतर.
आधी विचार, चालू कोण आहे."
तेव्हा हसलो होतो; आमच्या आळीत चालू म्हणजे वेगळाच माणूस.
आज टाइप केलं, यूनेम हायफन आर,
आणि त्याने मुकाट सांगितलं: २५.
चालू असून खोटं बोलला नाही.

रिपॉझिटरीत २५चा ड्रायव्हर नाही. गेल्या महिन्यात काढला.
मिररवर नाही. दुसऱ्या मिररवर नाही.
सापडला तो इथेच, कॅशच्या फोल्डरात,
कारण तिथली साफसफाई करायची होती मलाच,
आणि मी ती दिवाळीपासून ढकलत होतो.
आळसाचं एवढं भलं झालेलं पाहिलं नव्हतं.

बसवला. घामट हात पँटला पुसले. लोड.
उत्तर आलं नाही.
आमच्यात उत्तर न येणं म्हणजे होकार.

आत दिवा लागला.
"श्वास रोखा!" पिठावाला ओरडले,
तो बाहेरच्या बाकावरही सगळ्यांनी रोखला.
पडद्यावर वरून खाली, सावकाश,
डिमेलोंच्या बरगड्या उतरत आल्या.
कोपऱ्यात बटणाएवढं काही पांढरं.
ते वाचणं माझं काम नाही.

"आता चालू आहे ना?"
"चालू आहे."
कोणता, ते डॉक्टरांनी विचारलं नाही.

रात्री दहाला मी परत येईन, बंद करायला.
२५ला अजून सांगितलेलं नाही.