तिसरा हात

वादळाचा तिसरा दिवस.
स्ट्रॉमनेसच्या धक्क्याला होड्या करकचून बांधलेल्या,
म्हणजे खेकडे नाहीत,
म्हणजे कारखान्याला टाळं,
म्हणजे माझ्या नखांना सुट्टी.
एरवी रंगाचा एक टवका डब्यात सापडला
तर फ्लेटसाहेब अख्खी खेप फेकून देतात.

थोरा इस्बिस्टरनं दिलेली बाटली काढते.
खालच्या गल्लीत, जुन्या धुणीघरात
तराजू मांडून ती नेलपॉलिश बनवते.
एका घाण्याला चाळीस बाटल्या.
रंगाला अजून नाव नाही,
झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर पेन्सिलीनं
‘सतरा. खरं सांग.’

बदकाच्या पंखात एक पट्टी असते, ती म्हणाली होती,
पंख मिटले की दिसत नाही,
उडताना दिसते.
ती.

पहिला हात.
काही नाही. मटार उकडलेलं पाणी.
नखावरच्या उभ्या रेघा,
अंगठ्यावर नांगीनं पाडलेली खाच,
सगळं आरपार.
वास मात्र असा सणसणीत
की मांजर उठून जिन्यावर गेलं.

दुसरा हात.
आता बसतोय रंग.
हिरवा म्हणावं तर निळा रुसतो.
डाव्या हाताची नखं नेटकी.
उजव्या हाताची डाव्यानं रंगवलेली,
त्यांच्याविषयी न बोललेलं बरं.

मग थांबायचं.
दहा बोटं पसरून, कुणाचीच नसल्यासारखी.
आत्ताच नाक खाजणार,
आत्ताच फोन वाजणार.
वाजला. वाजू दिला.

तिसरा हात दिला
आणि बल्बखाली बघितलं तर चमक झोपलेली.
तिला ऊन लागतं.
डिसेंबरात इथं ऊन म्हणजे
पाहुणा येऊन चपला न काढता जावा, तसं.
खिडकीच्या काचेला नखं लावून उभी राहिले,
समोर होय नावाचं बेट,
त्याच्या माथ्यावरचा ढग सव्वा वाजता जरासा उसवला

आणि पेटली!
निळ्याच्या पोटातून तांबूस ठिणगी,
बोट कललं की पळते,
सरळ केलं की परत येते.
मी, बावन्न वर्षांची बाई,
एकटीच हसले, मोठ्यानं.

मग बदक आठवलं.

थोराच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
बाटलीत मोत्याची भुकटी, डोळ्यांत मोती,
असा विनोद तीच करते.
ऑपरेशनचा नंबर मार्चमध्ये.
तोवर निळा तिला मातकट दिसतो,
म्हणून ती अजून निळा घालते,
ग्रॅम, अर्धा ग्रॅम, बाकी आठवणीवर.
बदकापेक्षा निळा नखभर जास्त पडलाय.
सुंदर आहे. पण ते नाही.

समोरच्या बेटाचं नाव होय,
माझ्याच्यानं मात्र होय म्हणवेना.

कोटात हात घालता येईनात,
बोटं फाकवून, वाऱ्याला टेकत
गल्लीच्या पायऱ्या उतरले.
दार उघडल्या उघडल्या ती म्हणाली, फोन का नाही उचललास?
मी हात पुढे केले. सांगितलं.
जसं आहे तसं, नखभर शब्दही न वापरता.

ती काही बोलली नाही.
माझा अंगठा धरून अगदी नाकाशी नेला,
डोळे बारीक केले, मोठे केले,
आणि मग, दिसत नाही तर नाही, म्हणून
आपल्या अंगठ्यानं चाचपला.

ओला होता अजून.

तिनं वहीत सतरावर काट मारली, की गोल केला,
मला उभ्या जागेवरून दिसलं नाही.
चहा टाकते म्हणाली.

सोमवारी होड्या सुटतील,
रविवारी रात्री हे सगळं पुसायचंय.
नऊ नखं झळझळीत.
दहाव्यावर, खाचेच्या अगदी वर,
थोराच्या बोटाच्या बारीक रेघा,
ऊन आलं की त्याही चमकतात.