हजाराला तीन किलो

बाविस्कर डॉक्टरांनी पंपाच्या खोलीत यंत्र बसवलं
आणि मला म्हणाले, आजपासून क्लोरीनची डबडी बंद.
लागेल तेवढं हे मिठातूनच काढून घेईल.
तू फक्त मीठ बघ.

मी तेहतीस वर्षांचा.
मीठ ताटात डावीकडे असतं,
यापलीकडे मी त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

संध्याकाळी अमळनेरच्या बाजारात सायकल लावली.
हस्तीमल शेठनं आधी पुडीतलं दाखवलं,
बारीक, सरसर वाहणारं.
वाहतं, कारण गोळा न व्हायचं औषध आहे त्यात.
आयोडीनही. ते माणसाच्या गळ्याला बरं,
तलावाच्या फरशीला नको.
मग उपासाचं सैंधव, गुलाबी.
म्हटलं, शेठ, पाणी कुठे एकादशी करतं?
मग लोणच्याचं खडेमीठ.
ओंजळीतून सोडलं तर तळहातावर मातीची रेघ.
गुरांनी चाटायच्या विटेचं नावच काढलं नाही.
शेवटी गोदामाच्या पार मागून, नाइलाजानं, एक पसा:
हे रंगारी नेतात कापडाला, महाग पडेल.

चारी पुड्या घरी आणल्या.
दादा ओट्यावर बसलेले.
एकतीस वर्षं मालधक्क्यावर पोती वाहिली त्यांनी.
तापी सुरतेकडे उतरते,
आणि रुळांवरून मीठ वर चढून येतं,
ते ज्यांच्या पाठीवर उतरायचं त्यांतले दादा एक.
मिठाच्या वॅगनी लागल्या की खोबरेल चोपडून जायचे,
तरी रात्री आई त्यांचा सदरा
कातडीपासून पाणी लावून सोडवायची.

"तुले कोन्तं जोयजे?"
"दादा, पाण्यात टाकानं शे. पोहायच्या."

हसले नाहीत.
जिभेवर ठेवलं नाही, अंगठ्याखाली रगडलं.
पहिल्याला म्हणाले, "हाई मैदा शे."
खडेमीठ रात्रभर कागदावर उघडं ठेवायला लावलं.
सकाळी कागद भिजलेला.
"रडका माल. पाठवर गयस हाई."
चौथी पुडी काचेच्या ग्लासात सोडली,
ढवळली, उजेडाकडे धरली
आणि बराच वेळ ग्लासाच्या बुडाकडे बघत राहिले.
एवढं स्वच्छ मीठ
त्यांच्या खांद्यावर कधी आलं नसावं.
"हाईच ले."

हिशोब असा, की हजार लिटरला तीन किलो, थोडं वर.
तलाव नव्वद हजारांचा.
पण आधी बोरचं पाणी मोजलं,
तर आमच्या जमिनीनं आपल्या वाटचं
न सांगताच टाकून ठेवलेलं.
म्हणून पाच पोती, सहावं परत.
पंप चालू, यंत्र बंद,
कडेकडेनं ओतत गेलो,
तळाशी बसलं ते लांब दांड्याच्या झाडूनं लोटत.
दुसऱ्या दिवशी दुपारी तलावात मीठ कुठेच नव्हतं.
सगळीकडे होतं.

मेमध्ये पारा पंचेचाळीसवर.
रोज बोटभर पाणी कमी.
डॉक्टर म्हणाले, पाण्याबरोबर एखादं पोतंही टाक ना.
मी म्हटलं, साहेब, उडतं ते पाणी.
मीठ कुठे जात नाही.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं,
बोलून गेलो आणि
दादांच्या सदऱ्यावरची पांढरी नकाशी आठवली.

एका सोमवारी, तलाव बंद असताना, त्यांना घेऊन आलो.
पाण्यात उतरणार नाही म्हणाले.
धोतर गुडघ्यापर्यंत घेतलं,
काठावर बसले,
भेगाळलेल्या टाचा हळूच आत सोडल्या
आणि डोळे मिटून घेतले,
ओठ घट्ट,
झोंबण्याची वाट बघत.

पंप घुरघुरत होता.
पायाशी एक निंबाचं पान फिरत होतं.

मग एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं:
"झोंबत नई रे.
मीठ कमी पडनं व्हई."