डावं-उजवं

भोसरीला, जे ब्लॉकच्या मागे, थिट्यांच्या शेडमध्ये
ब्रॅकेट तयार झाला तेव्हा
सगळी मापं बरोबर होती.
मीच घेतली होती, दोनदा,
वीस अंशांवर, खोली बंद करून.
तरी तो बसेना.

समोर नागोयाहून आलेलं त्यांचं यंत्र,
इतकं सोवळ्यातलं
की चहासुद्धा आम्ही रस्त्यावर जाऊन प्यायलो.
भोकं चार. दोन जुळत होती,
दोन भलतीकडेच, पत्ता चुकल्यासारखी.

पुण्यात पत्ता चुकला की समोरचा आधी अक्कल काढतो.
हारुका नावाच्या त्या मुलीने
पेन्सिल काढली.
रिजेक्शन स्लिपच्या पाठीवर रेघा मारत म्हणाली,
तुम्ही वस्तूची सावली पलीकडच्या भिंतीवर पाडता,
आम्ही अलीकडे काच धरतो आणि काचेवर गिरवतो.
म्हणून तुमचं डावं ते आमचं उजवं.
ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, नखाएवढ्या खुणेत
हे सांगितलेलंच होतं:
एक छाटलेला शंकू, शेजारी दोन वर्तुळं.
मी पाहिलं नव्हतं.

थिटे म्हणाले, व्हॉल्व्हच्या वेळी बरं होतं,
ड्रॉइंगच नव्हतं.
त्यांच्या टेबलाच्या काचेखाली ते पत्र अजून आहे,
कळवण्यास खेद होतो, पुरवठा करता येणार नाही.
त्या एका खेदावर त्यांनी सात वर्षं काढली.
सत्तावीस व्हॉल्व्ह भंगारात,
अठ्ठाविसावा गळला नाही.

हारुकाने वाकून पत्र वाचलं,
चष्मा पुसून परत वाचलं.
आमच्या ऑफिसातही असं एक आहे, म्हणाली,
फ्रेम केलेलं.
कुणाचं, ते थिट्यांनी विचारलं नाही.
हे कुणाचं, ते तिनेही नाही.

रात्रपाळीला तांबोळीने नवा ठोकळा चढवला.
ती मशीनशेजारी उभी, कानात बोळे,
कूलंटचा वास केसांत घेऊन.
पहाटे साडेचारला चारही बोल्ट
नुसत्या बोटांनी आत गेले,
टॉर्क रेंच नंतर.
टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत.
तांबोळी म्हणाला, भूक लागलीय.

तो ब्रॅकेट आता चंद्राभोवती फिरतो,
कुणाच्या नावावर, ते पेपर वाचून ठरवावं.
पहिला, चुकलेला, आमच्या बेसिनवर आहे,
साबण ठेवायला.
हात धुताना समोरच्या आरशात दिसतो:
चारही भोकं
जागच्या जागी.